हर्शी बेअर्स: खालच्या लीगचा हा हॉकी संघ इतका जुना कसा?

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आम्ही आठ महिन्यांपूर्वी नाशिकहून पेन्सिल्वेनियातल्या मेकॅनिक्सबर्गला आलो. माझ्या ऑफिसातल्या एका बाईंकडे हर्शी बेअर्स या आइस हॉकी संघाची वर्षभराची तिकिटं असतात. गेल्या शनिवारी त्यांना बाहेरगावी जायचं होतं, म्हणून चारही तिकिटं त्यांनी आम्हाला दिली. आमच्यापैकी कुणीच ही हॉकी कधी पाहिली नव्हती. नवरा म्हणाला, खालच्या लीगचा सामना आहे, निम्मं रिकामं असेल, कंटाळा आला तर निघून येऊ.

जायंट सेंटरला पोचलो तर गाडी लावायला जागा मिळेना. आत दहा हजार माणूस. आमच्या मागच्या रांगेत ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या, अंगात चॉकलेटी रंगाची जर्सी, तिच्यावर खेळाडूंच्या सह्या. मध्यंतरात त्यांनी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला जवळ बोलावलं आणि सांगितलं, की पहिला सामना त्यांनी वडिलांच्या मांडीवर बसून पाहिला होता. मग छताकडे बोट केलं. तिथे विजयाचे झेंडे ओळीने टांगलेत. मुलाने मोजले, तेरा. सगळ्यात जुना १९४७ चा.

तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मला त्याच्या प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत. खालची लीग म्हणजे नक्की काय? वरच्या लीगमध्ये गेलाच नाही असा संघ इतकी वर्षं टिकतो कसा? आणि दोन खेळाडू हातमोजे फेकून एकमेकांना ठोसे मारत होते, तेव्हा तो घाबरून मला बिलगला. मुलाला परत न्यावं का, हेही सांगा. इथे त्या भागातलं कुणी असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

---

कृष्णाकाठचा

ताई, मी बॉस्टनजवळ राहतो, तिथला अनुभव थोडा आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर वरची लीग म्हणजे एनएचएल (नॅशनल हॉकी लीग), ३२ संघ. तिच्याखाली अमेरिकन हॉकी लीग, म्हणजे एएचएल, तिथेही ३२. त्याखाली ईसीएचएल. एएचएलमधला प्रत्येक संघ वरच्या एखाद्या संघाशी बांधलेला असतो. हर्शी सध्या वॉशिंग्टन कॅपिटल्सशी. वरच्या संघात कुणी जखमी झाला की खालून माणूस बोलावतात. आज एनएचएलमध्ये खेळणाऱ्या दहांतले जवळपास नऊ जण कधी ना कधी एएचएलमधून गेलेले असतात. आपल्याकडे रणजी खेळून मुलगा भारतीय संघात जातो, तसंच काहीसं.

म्हणून 'वर गेलाच नाही' हा प्रश्न इथे लागू होत नाही. इथे संघ वर चढत नाहीत, खेळाडू चढतात. संघ आपल्या जागी राहतो. इतिहास मात्र मला माहीत नाही. आपले डेरीकर दादा हर्शीतच राहतात ना? त्यांना हाक मारतो.

---

डेरीकर

हाक पोचली. ताई, तुमच्या मुलाने झेंडे मोजले हे वाचून फार बरं वाटलं. आता मी लांबण लावणार आहे, चहा घेऊन बसा.

मी मूळचा सांगलीचा. सिव्हिल केलं, काही वर्षं पुण्यात साइटवर काढली आणि २००१ च्या ऑगस्टमध्ये इथे आलो. बायकोला हर्शीच्या रुग्णालयात नोकरी लागली होती, माझं काम अजून ठरायचं होतं. हा भाग म्हणजे डेरी टाउनशिप, माझं इथलं नाव त्यावरूनच. शेजारी एक आजोबा एकटे राहायचे, चॉकलेटच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. पहिल्याच हिवाळ्यात जानेवारीत त्यांनी आमच्या दारावर थाप मारली आणि म्हणाले, कोट घाल, तुला एक छप्पर दाखवतो. हॉकीला नेतो म्हणाले नाहीत. मी इंजिनिअर आहे हे त्यांच्या लक्षात होतं.

तुम्ही पाहिलं ते जायंट सेंटर २००२ चं. त्याआधी बेअर्स जुन्या हर्शीपार्क अरीनात खेळत, आणि मी गेलो तो त्यांचा तिथला शेवटचा मोसम होता. वाटेत थंड हवेत कोकोचा वास. कारखाना अगदी जवळच होता. आत शिरलो. जिने इतके उभे की उतरताना पुढच्याचा खांदा धरावा. आणि वर ते छप्पर. एक प्रचंड काँक्रीटची कमान, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि खाली एकही खांब नाही. आजोबांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यात अंतर धरून दाखवलं. साडेतीन इंच! आपल्याकडे दहा बाय बाराच्या खोलीवर पाच इंचाची स्लॅब टाकतात. इथे सात हजार माणसांच्या डोक्यावर साडेतीन इंचाचं कवच, ठरावीक अंतरावरच्या कमानींनी पेललेलं. अंड्याचं कवच जसं आकारामुळे वजन घेतं, तसं. अँटन टेडेस्को या इंजिनिअरने हे तंत्र जर्मनीतून इकडे आणलं. इतक्या मोठ्या मापाचं असं छप्पर अमेरिकेत आधी झालेलं नव्हतं. आणि काँक्रीट ओतणारे कोण, तर गावातले लोक, ज्यांनी असलं काम कधी पाहिलंही नव्हतं. आजोबांचे वडील त्यांतलेच एक.

सामना कुणी जिंकला ते मला आठवत नाही. मी दोन तास वर बघत होतो.

मिल्टन हर्शी हा चॉकलेटवाला. त्याने कारखाना शेताडीत उभा केला आणि त्याच्याभोवती गाव वसवलं. १९३० च्या दशकात मंदीने लोकांच्या हातचं काम गेलं, तेव्हा याने बांधकामं काढली. हॉटेल, नाट्यगृह, मग हा अरीना, पुढे स्टेडियम. हॉकी त्याच्या थोडी आधी आली होती. १९३१ मध्ये आइस पॅलेस नावाच्या एका छोट्या जागेत पहिले सामने झाले. लोक इतके यायला लागले की जागा पुरेना. मग १९३६ सालात अरीना उभा राहिला आणि १९ डिसेंबरला तिथे पहिला सामना झाला, न्यूयॉर्क रोव्हर्सविरुद्ध. गावाच्या लोकसंख्येच्या दुपटीहून जास्त खुर्च्या होत्या त्यात. एवढी मोठी जागा भरणार कशी, असं तेव्हा कुणाला वाटलं असेल तर त्याला दोष देता येत नाही.

संघाचं नाव आधी 'बार्स' होतं. चॉकलेट बार, आणि लिहिताना मध्ये एक चिन्ह घालून अस्वलाकडे झुकवलेलं. फारच जाहिरातबाजी होते अशी टीका झाली, म्हणून १९३६ मध्ये सरळ 'बेअर्स' केलं. १९३८ मध्ये संघ व्यावसायिक लीगमध्ये आला, तीच लीग पुढे एएचएल झाली. तेव्हापासून आजपर्यंत तोच संघ, तेच नाव, तेच गाव, एकही मोसम न चुकवता लीगमध्ये. एनएचएलचे जुने सहा संघ सोडले तर अख्ख्या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकीत याच्याइतकं जुनं कुणी नाही.

आता ताई, तुमच्या प्रश्नाचा गाभा: टिकला कसा. मुलाला एक खेळ सांगतो. त्याने मोजलेले झेंडे आहेत ना, त्या प्रत्येक वर्षी अंतिम सामन्यात कुणाला हरवलं ते शोधायला सांगा आणि मग तो संघ आज कुठे आहे ते विचारा.

१९४७, पहिला कॅल्डर कप, म्हणजे एएचएलचं विजेतेपद. समोर पिट्सबर्ग हॉर्नेट्स, सातव्या सामन्यापर्यंत झुंज. १९६७ मध्ये पिट्सबर्गला एनएचएलचा संघ आला आणि हॉर्नेट्स बंद झाले. १९५९ मध्ये बफलो बायसन्सना हरवलं. १९७० मध्ये बफलोला एनएचएल आली, बायसन्स संपले. १९६९ ला क्वेबेक एसेस. दोन वर्षांत तो संघ उचलून रिचमंडला नेला. १९७४ ला प्रॉव्हिडन्स रेड्स, तेही त्याच दशकात गेले. आणि १९८८! त्या वर्षी बेअर्सनी प्लेऑफमधले, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांतले, बाराच्या बारा सामने जिंकले, एकही हरले नाहीत. अंतिम फेरीत फ्रेडरिक्टन एक्स्प्रेसला चार शून्य. त्याच उन्हाळ्यात फ्रेडरिक्टनचा संघ हलवून हॅलिफॅक्सला गेला. म्हणजे त्या गावाने अंतिम सामना पाहिला आणि पुढच्या हिवाळ्यात त्यांच्याकडे संघच नव्हता.

मोठ्या शहराला मोठा संघ मिळाला की छोटा मरतो, आणि छोट्या शहरात तिकिटं खपली नाहीत की मालक संघ विकतो किंवा उचलून नेतो. हर्शीत यांतलं काहीच झालं नाही. एवढ्याशा गावाला एनएचएलचा संघ कधी मिळणार नव्हता, आणि मालकाला संघ विकायचा नव्हता.

आता माणसांबद्दल. फ्रँक मॅथर्स हे नाव मुलाला पाठ करायला लावा. विनिपेगचा बचावपटू. एनएचएलमध्ये टोरांटोकडून सगळे मिळून २३ सामने खेळला, जम बसला नाही. १९५६ मध्ये हर्शीला खेळाडू आणि प्रशिक्षक असा दोन्ही म्हणून आला. १९७३ पर्यंत प्रशिक्षक, मग संघाचा सर्वेसर्वा म्हणून १९९१ पर्यंत. पस्तीस वर्षं! १९५८, ५९, ६९ चे कप त्याने प्रशिक्षक म्हणून घेतले आणि ७४, ८०, ८८ चे व्यवस्थापक म्हणून. १९९२ मध्ये हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. आणि विली मार्शल. एनएचएलमध्ये ३३ सामने फक्त. एएचएलमध्ये १,३७५ गुण, लीगच्या इतिहासात सगळ्यात जास्त. त्याची सात वर्षं हर्शीत गेली. वर जमलं नाही म्हणजे आयुष्य वाया गेलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी या दोघांकडे बघावं.

बाकी आपोआप येत जाईल. मला आता जेवायला हाक आली आहे.

---

फिलीवासी

डेरीकर, छान लिहिलंय, पण एक शंका मांडते. मी फिलाडेल्फियाला वीस वर्षं आहे. हे सगळं गावच एका कंपनीचं. रस्त्याचं नाव चॉकलेट अ‍ॅव्हेन्यू, दिव्याच्या खांबांवर चॉकलेटच्या आकाराचे दिवे, बागेत कंपनीचं नाव, संघाचं नावही चॉकलेटवरून. तुम्ही ज्याला निष्ठा म्हणताय ती मला शंभर वर्षं चाललेली जाहिरात वाटते. मालकाला संघ विकायचा नव्हता, कारण संघ विकला तर जाहिरात जाते. एवढं साधं असू शकत नाही का?

---

डेरीकर

ताई, शंका रास्त आहे. मीही पहिली दोन-तीन वर्षं असाच विचार करत होतो, म्हणून नीट उत्तर देतो.

जाहिरात होतीच. नावाची गोष्ट मी वर लिहिली. पण मालक कोण, हे बघायला हवं. मिल्टन आणि कॅथरिन हर्शी यांना मूल नव्हतं. १९०९ मध्ये त्यांनी अनाथ मुलांसाठी निवासी शाळा काढली आणि १९१८ मध्ये मिल्टनने जवळजवळ सगळी संपत्ती त्या शाळेच्या ट्रस्टच्या नावावर केली. कॅथरिन तेव्हा वारली होती. हा माणूस पुढे १९४५ पर्यंत जगला, तो स्वतःच्या कंपनीत एका अर्थी शाळेचा नोकर म्हणून. बेअर्स, जायंट सेंटर, हर्शीपार्क, हॉटेलं ही सगळी चालवते ती मनोरंजनाची वेगळी कंपनी, आणि तीही याच ट्रस्टच्या मालकीची. आज शाळेत दोन हजारांच्या आसपास मुलं आहेत. राहणं, खाणं, कपडे, डॉक्टर, शिक्षण, सगळं फुकट. म्हणजे तुम्ही जायंट सेंटरमध्ये तिकीट काढता तेव्हा त्या व्यवहाराच्या शेवटच्या टोकाला कुणी अब्जाधीश बसलेला नसतो, शाळा असते. विकून पैसे घेऊन कुठे जायचं, असा प्रश्न इथे कुणाला पडत नाही.

दुसरी गोष्ट. मार्च १९७९ मध्ये इथून जवळच्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला. २८ तारखेला पहाटे. ३० ला गव्हर्नरनी सांगितलं की पाच मैलांच्या आतल्या गरोदर बायका आणि शाळेत न जाणारी लहान मुलं यांनी बाहेर पडावं. त्यांना आणून ठेवलं कुठे? हॉकीच्या जुन्या अरीनात. जिथे पक (हॉकीची रबरी चकती) आपटतो तिथे खाटा मांडल्या. आमच्या आजोबांची सून तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. आजोबा मला ती जागा दाखवायचे, पश्चिमेकडच्या गोलच्या मागे. ज्या साडेतीन इंचांचं काँक्रीट त्यांच्या वडिलांनी ओतलं, त्याखाली त्यांची नात आईच्या पोटात झोपली. एखाद्या इमारतीला जाहिरात म्हणून सुरुवात झाली असेलही. पण माणसं तिच्यात राहून गेली की ती त्यांची होते.

(जाता जाता: विल्ट चेंबरलेनने बास्केटबॉलच्या एका सामन्यात १०० गुण केले ते याच अरीनात, २ मार्च १९६२. तो सामना प्रत्यक्ष बघणारे फक्त ४,१२४ होते. आजोबा गेले नव्हते. हॉकी नव्हती ना त्या दिवशी!)

---

फिलीवासी

ट्रस्टचं माहीत होतं, पण संघाचे धागे तिथवर जातात हे लक्षात आलं नव्हतं. आणि १९७९ चं वाचून गप्प झाले. धन्यवाद दादा.

---

गोदाकाठ

हे सगळं मुलाला वाचून दाखवलं. त्याने खरंच वहीत झेंड्यांचा तक्ता केलाय, शेवटचा रकाना 'आता कुठे?'. पण त्याचा नवा प्रश्न असा, की त्याला आवडलेला खेळाडू पुढच्या वेळी वॉशिंग्टनला गेलेला असला तर? त्याला त्याचं फारच वाईट वाटतंय. आणि मारामारीचं राहिलंच.

---

डेरीकर

वाईट वाटणारच. आम्हाला अजून वाटतं. इथे प्रेक्षक होणं म्हणजे दर मोसमात कुणाला तरी निरोप देणं. सकाळी प्रशिक्षकाला फोन येतो, दुपारी मुलगा बॅग आणि काठ्या गाडीत टाकून दोन-अडीच तासांवरच्या वॉशिंग्टनला निघतो, आणि संध्याकाळी आपण जर्सी घालून जातो तर त्याची जागा रिकामी. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये तर प्रशिक्षकच गेला. ब्रूस बूड्रो, २००६ चा कप जिंकून देणारा. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी त्याच्याकडे वॉशिंग्टनचा संघ सोपवला. आम्ही टर्की कापायला बसलो होतो, आजोबा फोन कानाला लावून उभे, आणि चेहरा असा जसा घरचा मुलगा परदेशी निघालाय. अभिमानही आणि घरात पोकळीही.

पण मुलाला हेही सांगा. २००९–१० च्या मोसमात बेअर्सनी ६० सामने जिंकले, लीगचा विक्रम. घरच्या मैदानावर ओळीने २४. मग अंतिम फेरीत टेक्सास स्टार्सशी पहिले दोन सामने, तेही घरी, हरले. सगळं गाव सुतकात. त्यानंतर ओळीने चार जिंकले. त्या संघात जॉन कार्लसन होता, वीस वर्षांचा. तो त्या वसंतात वॉशिंग्टनकडून प्लेऑफ खेळून आला होता. तिकडचं संपल्यावर परत इकडे आला आणि कप जिंकला. जे बीगल नावाचा खेळाडू होता, ब्रॅडन होल्टबी होता. हे तिघं २०१८ मध्ये वॉशिंग्टनकडून स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकले, जून महिन्यात, लास व्हेगासला. आम्ही टीव्हीसमोर बसून रडलो. बीगलने तर त्याआधी ईसीएचएलचा केली कपही घेतला होता. तिन्ही पायऱ्यांचे कप घेणारा पहिला माणूस तो. तेव्हा गेलेले खेळाडू हरवत नाहीत. आपल्याला बघायला आणखी एक संघ मिळतो, एवढंच.

आणि काही जण परत येतात. ख्रिस बोर्क. त्याचे वडील रे बोर्क म्हणजे या खेळातलं फार मोठं नाव. मुलगा अंगाने लहान, एनएचएलमध्ये ५१ सामने मिळाले. हर्शीत त्याने तीन कप घेतले, २०१० ला प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, परदेशी खेळून आला, इतर संघांत फिरून आला, आणि २०१६ ला पुन्हा हर्शीच्या जर्सीत अख्ख्या लीगचा सर्वोत्तम. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. तिच्या खोलीत रे बोर्कचा फोटो नव्हता, ख्रिसचा होता.

---

कृष्णाकाठचा

मारामारीचं मी लिहितो. नियमांत तिला परवानगी नाही, शिक्षा आहे. पाच मिनिटं दोघांनाही पेनल्टी बॉक्समध्ये बसावं लागतं. एक जण खाली पडला की लाइन्समन लगेच मध्ये शिरतात. पूर्वीच्या मानाने प्रमाणही कमी झालंय. माझ्या मुलीला मी एवढंच सांगितलं, की हे चुकीचं आहे म्हणूनच त्यांना बाहेर बसवलंय. पहिल्यांदा ती घाबरली, नंतर घड्याळ बघून पाच मिनिटं मोजायला लागली. नऊ वर्षांच्या मुलाला नक्की न्या.

बाकी दादा, ते अस्वलं फेकण्याचं लिहा ना. मी फक्त व्हिडिओ पाहिलाय.

---

डेरीकर

लिहितो, आणि ताईंच्या मुलासाठी थोडं जवळून लिहितो.

हर्शीत ही प्रथा २००१ पासून आहे. हिवाळ्यात एका ठरलेल्या सामन्याला सगळ्यांनी मऊ खेळण्यातली अस्वलं घेऊन यायची. बेअर्सचा पहिला गोल झाला की ती बर्फावर फेकायची. नंतर ती इथल्या संस्थांना जातात, रुग्णालयं, शाळा, आश्रयगृहं. आकडा वाढत गेला. २०१९ ला ४५,६५०. २०२३ ला ६७,३०९. २०२४ ला ७४,५९९. आणि ५ जानेवारी २०२५ ला १,०२,३४३. साडेदहा हजार खुर्च्या, म्हणजे माणशी जवळजवळ दहा अस्वलं. लोक खोकी, पोती, कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या भरभरून आणतात.

त्या वर्षी सासूबाई कोल्हापूरहून आल्या होत्या. त्यांना काही नुसतं बसवत नाही. गोधडीसाठी आणलेलं जुन्या लुगड्यांचं कापड उरलं होतं, त्याची त्यांनी डिसेंबरभर अस्वलं शिवली. अकरा झाली. एकाला इरकलीच्या काठाचे कान, एकाच्या पोटावर खणाची चौकट. डोळे काळ्या दोऱ्याने, बटण नको, लहान मूल तोंडात घालेल म्हणून. फेकायची आहेत हे आम्ही त्यांना शेवटी सांगितलं. त्या म्हणाल्या, "फेकायची? हातात द्यायची नाहीत?"

गोल झाला. एरवी गोल झाला की भोंगा ऐकू येतो, त्या दिवशी आधी एक धप्प असा दबका आवाज आला, हजारो मऊ वस्तू एकदम पडल्याचा, आणि मग भोंगा. वरच्या रांगांमधून पाऊस. तपकिरी, गुलाबी, पांढरा, एक तर माणसाएवढा, चार जणांनी मिळून ढकललेला. खेळाडू हसत त्यात लोळले. मग बर्फ साफ करायच्या फावड्यांनी ढीग ओढायला लागले. लहान मुलं, स्वयंसेवक, सगळे प्लास्टिकच्या पिशव्या भरत होते. सामना बराच वेळ थांबला आणि कुणाचीही तक्रार नव्हती. सासूबाई काचेला नाक लावून उभ्या. एका ढिगात त्यांना इरकलीचे कान दिसले, हिरवे, लाल काठाचे. फावडं घेतलेला एक खेळाडू वाकला, ते अस्वल उचलून बघितलं, उलटं केलं, शिवण बघितली. मग ते ढिगात न टाकता शेजारून जाणाऱ्या एका स्वयंसेवक मुलीच्या हातात दिलं. सासूबाईंनी माझा दंड धरला. बोलल्या काही नाहीत.

शेवटच्या दोन झेंड्यांचंही सांगतो, कारण ते तुमच्या मुलाच्या तक्त्यात वेगळे पडतील. २०२३ आणि २०२४, दोन्ही वेळा समोर कोचेला व्हॅली फायरबर्ड्स, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला नवा संघ. त्यांच्या रकान्यात 'आहे' असं लिहा. २०२३ ला पहिले दोन सामने आपण पाच शून्य आणि चार शून्य असे हरलो. घरी येऊन तीन जिंकलो, सहावा हरलो. सातवा त्यांच्या गावात, त्यातही दोन शून्य मागे. बरोबरी केली, ओव्हरटाइममध्ये माइक व्हेकियोनीने गोल मारला. इथे रात्र बरीच झाली होती, तरी आमच्या गल्लीत माणसं दारं उघडून बाहेर आली. २०२४ चा सहावा सामना मात्र इथे, जायंट सेंटरला. पुन्हा ओव्हरटाइम, मॅट स्ट्रोमचा गोल, पाच चार. मी आत होतो. आजोबा नव्हते, ते २०१९ च्या थंडीत गेले. त्यांची नात, तीच १९७९ ची, माझ्या शेजारच्या खुर्चीत होती. त्यांची दोन तिकिटं आता आम्ही दोघं मिळून भरतो.

---

गोदाकाठ

दादा, मी हे ऑफिसात वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आम्ही पुढच्या महिन्यातल्या शनिवारची तिकिटं काढतोय. कुठे बसू? आणि ते जुनं छप्पर अजून बघता येतं का?

---

डेरीकर

नमस्कार पोचवतो. छप्पर तसंच उभं आहे. अगदी बर्फालगत बसू नका, काच मध्ये येते आणि खेळाचा आकार कळत नाही. कोपऱ्यात, दहाव्या-बाराव्या रांगेच्या पुढे वर घ्या. तिथून पक कुठे जाणार ते मुलाला आधी दिसेल. तिकिटं काढली की मला निरोप टाका. जुना अरीना जायंट सेंटरपासून चालत जाण्यासारखा आहे. सामन्याआधी तासभर लवकर या, मी बाहेरून दाखवतो आणि दार उघडं असलं तर आत नेतो. मुलाला कानटोपी घाला, बर्फाशेजारी गारठा असतो.